घाटउताराला न्यूट्रल

‘घर्षण शून्य धरा.’ भौतिकशास्त्राच्या गणितांत हे वाक्य इतक्या वेळा येतं की पोरांना ते पाठच असतं. लातूरच्या एका क्लासमध्ये मी शिकवते. उतारावरून ठोकळा घसरतो, वर साठलेली ऊर्जा खाली येईपर्यंत वेगात बदलते, चार ओळींत उत्तर येतं आणि आपण पुढच्या गणिताला लागतो. गेल्या दिवाळीपासून मात्र ते वाक्य लिहिताना माझा खडू अडतो. पोरं विचारतात, “मॅडम, काय झालं?” मी काही नाही म्हणते. झालेलं सांगायला घेतलं तर तास संपेल.

आमचं गाव लोहा तालुक्यात. दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेले होते आणि त्याच सुट्टीत धाकट्या भावाच्या लेकराचं जावळ काढायचं ठरलं होतं. आमच्याकडे जावळ घरी काढत नाहीत. घाटाच्या वर माळावर आमचा देव आहे, तिथं जायचं, मामाच्या मांडीवर बसवून लेकराचे केस काढायचे, आत्याने ते पदरात झेलायचे आणि मग सगळ्यांनी तिथंच जेवायचं. घाट म्हणजे फार मोठा नाही, बालाघाटच्या डोंगरातली एक लांबलचक वळणाची चढण. पण एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला दरी, एवढं तर घाटाला पुरेसं असतं.

जायचं होतं ट्रॅक्टरने. ट्रॉलीत कडबा पसरला, त्यावर सतरंज्या टाकल्या, भावकीतल्या बायका आणि लेकरं चढली, पातेली चढली, जळण चढलं. सगळं चढलं तरी ट्रॅक्टरचा पत्ता नव्हता, कारण भाऊ पहाटेपासून हरभरा पेरायला गेला होता. वाफसा गेला, म्हणजे जमिनीतली ओल उडाली, तर पेरणी हुकते, त्यामुळे देवापेक्षा रान आधी. तो आला तेव्हा मायचा आवाज चढलेला होता. मायला उशीर खपत नाही. भावाने घाईघाईने पेरणीयंत्र सोडलं, ट्रॉली जोडली, तोंडावर पाणी मारलं आणि बसला.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. ट्रॅक्टरला उजव्या पायाशी दोन ब्रेक असतात, एक डाव्या चाकाचा, एक उजव्या चाकाचा. शेतात तास, म्हणजे पेरणीची एक ओळ, संपला की जागच्या जागी वळायचं असतं, तेव्हा एकाच बाजूचा ब्रेक दाबतात. रस्त्यावर आलं की ब्रेकचे दोन्ही पायटे, म्हणजे पेडल, एका लोखंडी पट्टीने जोडून टाकायचे, म्हणजे पाय ठेवला की दोन्ही चाकं सारखी धरतात. रानातून आलेल्या माणसाने पहिली गोष्ट करायची ती ही. त्या सकाळी ती पट्टी उघडीच राहिली. आणि ते कोणाच्याच लक्षात आलं नाही, कारण गावातून घाट लागेपर्यंत चढच चढ आहे. चढावर ब्रेक लागतो कुणाला!

मी ट्रॉलीत बसले नाही. ट्रॉलीत बसलं की बायका माझ्या लग्नाचा विषय काढतात, आणि एका घाटात तो संपत नाही. मी भावाच्या शेजारी, चाकावरच्या मडगार्डवर बसले. पहिल्याच वळणाला इंजिन काळा धूर ओकायला लागलं. भावाला डिवचायची माझी जुनी सवय. तोही एक वर्ष माझ्याच क्लासमध्ये होता, फिजिक्सच्या तासाला मागच्या बाकावर झोपायचा, मग एके दिवशी बॅग उचलून गावी आला आणि सुखी झाला.

“एवढं डिझेल जाळून राहिलास, ते जातंय कुठं सांग बरं?” मी विचारलं.

“धुरात,” तो म्हणाला.

“थोडं धुरात. बाकीचं आपल्यात. मायला, पातेल्याला, लाकडाला, सगळ्यांना तू उचलून वर ठेवायलास. ते सगळं जमा होतंय.”

“मग येताना फुकट येऊ की!” तो हसला. मीही हसले. मास्तरणीला असं उत्तर आलं की बरं वाटतं.

जावळ छान झालं. भाचा असा काही रडला की न्हाव्यालाच घाम फुटला. मी केस पदरात झेलले, त्याचं बोडकं डोकं हुंगलं, आणि मला उगीचच भरून आलं. जेवणं झाली, आवराआवर झाली. मायने उरलेलं जळण परत ट्रॉलीत भरायला लावलं. त्यात बाभळीचा एक चांगला मांडीएवढा ओंडका होता, चुलीत मावला नाही म्हणून राहिलेला.

“कशाला ते ओझं परत न्यायचं?” मी वैतागून म्हणाले. “इथं कोणीतरी वापरील.”

“तू उचलू लागलीस का?” माय म्हणाली. “मग गप बस.”

ऊन कलायला लागलं होतं तेव्हा आम्ही निघालो. माथ्यावर सपाट रस्ता आहे, तो संपला आणि पुढे सगळा घाट खाली उतरत गेलेला दिसला. भावाने क्लच दाबला, गिअरचा दांडा मधे ओढला आणि क्लच सोडून दिला. इंजिनचा आवाज एकदम बसला. इतका वेळ ऐकू न आलेलं बायकांचं गाणं मागून ऐकू यायला लागलं.

“न्यूट्रल केलंस?”

“हाव. खाली आपोआप जातंय ना, मग खामखा डिझेल कशाला जाळायचं? समदे असंच उतरतेत.”

“गिअरमध्ये घे. गिअरमध्ये असलं की इंजिन मागे धरून ठेवतं. हे असं मोकळं सोडलंस तर धरायला ब्रेकशिवाय काहीच राहत नाही.”

“ताई, सकाळी तूच म्हणलीस ना, समदं वर जमा केलंय म्हणून? तेच वापरून राहिलो.”

माझं डोकं फिरलं, पण मी नुसती मडगार्डची कड धरली. माझा धडा माझ्याच अंगावर टाकून तो खूश झाला होता आणि समोर रस्ता मोकळा होता. ट्रॅक्टरने हळूहळू वेग घेतला. मग हळूहळू नाही, चांगलाच घेतला. वारा कानात शिरायला लागला. मागची ट्रॉली खड्ड्यांवरून उडायला लागली, पातेली एकमेकांवर आपटायला लागली. बायकांना मजा वाटत होती, कोणीतरी हुर्रे केलं.

भावाने ब्रेक दाबला आणि ट्रॅक्टरने उजवीकडे असा झटका घेतला की मी मडगार्डवरून निसटता निसटता राहिले. त्याने पाय काढला, हँडल सरळ केलं, परत दाबला. परत तेच. मी खाली वाकून पाहिलं. दोन्ही पायटे वेगवेगळे होते आणि पट्टी मोकळी लोंबत होती.

“पट्टी!” मी ओरडले.

त्याने खाली पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. धावत्या ट्रॅक्टरवर वाकून ती पट्टी बसवणं शक्य नव्हतं. त्याने बूट आडवा करून दोन्ही पायटे एकदम दाबले. तरी ट्रॅक्टर उजवीकडेच ओढत राहिला, कारण रानात तो कायम डावीकडे वळायचा आणि डावा ब्रेक कधीचाच झिजला होता. जास्त दाबलं की ट्रॅक्टर आडवा जाऊ बघे आणि मागून ट्रॉली धडक देई. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नव्हताच. कमी दाबलं की वेग वाढे. त्याने क्लच दाबून गिअर टाकायचा प्रयत्न केला. एवढ्या वेगात गिअर पडत नाही. नुसता खर्रर खर्रर आवाज आला, दांडा त्याच्या हातातून उडाला.

गाणं थांबलं. मागे वळून पाहिलं तर भावजय लेकराला छातीशी धरून माझ्याकडे बघत होती. नवऱ्याकडे नाही, माझ्याकडे. माय ट्रॉलीच्या कडेला दोन्ही हातांनी धरून उभी राहिली होती. मला एवढी भीती आयुष्यात कधी वाटली नाही. सकाळी मी गमतीने म्हटलेलं सगळं खरं होतं. प्रत्येक माणूस, प्रत्येक लेकरू, प्रत्येक पातेलं डिझेलने वर उचललेलं होतं, आणि ते सगळं आता वेग होऊन आमच्या मागे लागलं होतं. ते नाहीसं होणार नव्हतं. ब्रेकमध्ये गेलं नाही तर दरीत जाणार होतं.

पण आणखी एक जागा होती, आणि ती मला दिसली. पुढच्या लांब वळणाच्या आधी उजवीकडे डोंगराच्या अंगाने एक वाट वर जाते. तिथं पूर्वी खडी केंद्र होतं. केंद्र बंद पडलं, वाट राहिली. जे चढून जमा केलं ते परत चढावरच टाकायचं, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता. तोसुद्धा विचार नव्हे, ओरडाच होता.

“खडीच्या वाटंला घे! वर! वर घे!”

त्याला कळलं. ते मी आजही मानते, त्याला एका हाकेत कळलं. पण त्याच वेळी वळणाआडून लाल एसटी वर येताना दिसली. उजवीकडे वळायचं म्हणजे तिच्या अंगावर जायचं. एसटी चढावर दमत दमत येत होती, आम्ही सुटलो होतो. चालकाने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. भाऊ पुटपुटत होता, “ये की, ये की लवकर, ये की माय माझे.” एसटीचा लाल पत्रा आमच्या उजव्या अंगाला घासल्यासारखा सरकत गेला, खिडकीतले चेहरे दिसले, आणि ती संपली. वाटेचं तोंड जवळजवळ आमच्या मागे पडत होतं. भावाने हँडल फिरवलं आणि उजवा ब्रेक एकटाच दाबला. ज्या पायट्याने इतका वेळ जीव खाल्ला होता त्याच पायट्याने ट्रॅक्टर वळला. उजवीकडची चाकं हलकी झाल्याचं मला मडगार्डवर कळलं. मागे बायकांची एकच किंकाळी उठली. मग चाकं खाली टेकली आणि नाक वर झालं.

चढ. मी चढाला इतकं कधी मानलं नव्हतं. वेग कमी होत गेला, वारा थांबला, चाकाखालची खडी एक एक करून ऐकू यायला लागली. ट्रॅक्टर थांबला. आम्ही सुटलो असं मी म्हणणार होते, आणि ट्रॅक्टर मागे सरकला.

कितीही वेळा फळ्यावर काढलेलं असो, पायाखाली झालं तेव्हाच मला ते आठवलं. चढावर थांबलेली वस्तू थांबून राहत नाही. ती थांबते आणि परत निघते. मागे रस्ता होता, रस्त्यापलीकडे दरी. भाऊ दोन्ही पायट्यांवर उभाच राहिला होता, पण डावं चाक धरत नव्हतं आणि ट्रॉली तिरकी होत मागे ओढत होती. क्लचला पाय उरला नव्हता, त्यामुळे गिअरचा दांडा त्याच्या हातात नुसता हलत होता.

मी उडी मारली. “दगड लावा!” ओरडत ट्रॉलीच्या चाकाकडे धावले, आणि तिथं दगडच नव्हता. खडी केंद्राची वाट ती, सगळी बोटाएवढी खडी. मी ओंजळीने खडी चाकाखाली लोटली, चाक तिला दाबत आलं. हात काढला नसता तर बोटं गेली असती. तेवढ्यात वरून धप्पकन काहीतरी माझ्या शेजारी पडलं. बाभळीचा ओंडका. वर पाहिलं तर माय.

“तो लाव!” ती म्हणाली.

मी तो दोन्ही हातांनी चाकामागे ढकलला. चाक त्याच्यावर अर्धं चढलं, ओंडका करकरला, सगळी ट्रॉली एकदा हिंदकळली. मग चाक खाली बसलं आणि राहिलं.

 मग लेकरं रडायला लागली आणि त्यांच्या आवाजाने मोठ्यांना जाग आली. एकमेकींना धरून बायका उतरल्या. भावजय वाटेच्या कडेला जाऊन बसली, लेकराचं बोडकं डोकं हाताने झाकून. भाऊ इंजिन बंद करून खाली उतरला. त्याने पट्टी लावली, परत उघडली, परत लावली. मी त्याला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. मला थांबता येत नव्हतं. लेकराची शपथ, मायची शपथ, सगळं काढलं. 

माझं बोलणं संपल्यावर तो म्हणाला, “म्या न्हाई चालवत आता. गावातून कुणाला बी बलवा. माझा हात लावायचा न्हाई त्याला.” आणि खडीत बसला.

मी हिशेब सांगितला, कारण मला तेवढंच येतं. पट्टी लागली आहे, पहिल्या गिअरमध्ये टाकलं तर इंजिनच धरून ठेवतं, ट्रॉली रिकामी केली तर ओझंही कमी. सगळ्यांनी चालत उतरायचं आणि ट्रॅक्टर सावकाश मागून न्यायचा. बायकांनी माना डोलावल्या. त्या तशाही परत ट्रॉलीत बसणार नव्हत्या. कोणीतरी म्हणालंच, “आता मेलं तरी न्हाई बसणार बाई.” भावाने ते ऐकलं.

आणि माय ट्रॉलीकडे गेली. चाकावर पाय ठेवून, गुडघ्याला हात देत, ती परत वर चढली आणि सतरंजीवर मधोमध मांडी घालून बसली.

“माय, उतर!” मी किंचाळले. “डावा ब्रेक अजून तसाच आहे. काय करायलीस तू?”

“बसूलाले.”

“का?”

“समदेच उतरले तर त्यो उद्या नांगराला बी बसणार न्हाई,” ती म्हणाली. मग भावाकडे वळून, अगदी रोजच्या आवाजात, “ऊठ रे. उगी अंधार करू नको. पयल्या गिअरात घाल, ताई म्हणती तसं.”

मला तिचा भयंकर राग आला. तिला ओढून खाली काढावं इतका. माझं सगळं गणित तिच्या एकटीच्या वजनाने बिघडत होतं. पण भाऊ उठला. नाक पुसलं, वर चढला, इंजिन चालू केलं आणि पहिला गिअर टाकला. गिअर पडल्याचा आवाज आला तेव्हा मी ओंडका काढून घेतला.

वाटेवरून रस्त्यावर कसे आलो ते मला नीट आठवत नाही. आठवतं ते एवढंच की सबंध घाट मी त्या चाकाच्या बाजूने ओंडका कवेत धरून चालले. जरा काही झालं तर घालता यावा म्हणून. बाभळीच्या सालीने माझे हात सोलून निघाले, साडी फाटली, जावळाला म्हणून घेतलेली नवी साडी. इंजिन गुरगुरत होतं, ट्रॅक्टर माणसाच्या चालीने उतरत होता आणि रिकाम्या ट्रॉलीत माय एकटी बसून भावाला विचारत होती, “पेरणी किती राहिली रे? बियाणं पुरंल का?” तो मागे न बघता उत्तर देत होता. पहिल्यांदा नुसता हुंकार, मग एक शब्द, मग घाटाच्या पायथ्याशी येईपर्यंत पूर्ण वाक्यं.

खाली सपाटीला त्याने ट्रॅक्टर थांबवला, हँडलवर डोकं टेकलं आणि हुंदके देऊन रडला. मायने त्याला रडू दिलं. मग म्हणाली, “उतरून घे की रं मला. गुडघे धरलेत माझे.” त्याने तिला दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवलं. तेव्हा मी पाहिलं, तिचे पाय लटलट कापत होते. सबंध घाट कापत असणार, बसलेली होती म्हणून दिसलं नव्हतं.

तो ओंडका मी घरी माजघरात नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर तो जागेवर नाही. परसात चूल पेटली होती आणि त्यावर अंघोळीचं पाणी चढलं होतं.

“अगं, तो ठेवायचा होता!” मी म्हणाले.

“लाकूड हाय ते, देव न्हाई,” माय म्हणाली. “जाळायलाच आणलं व्हतं.”

बाभळीचा जाळ चांगला होतो. पाणी लवकर तापलं. भाऊ लेकराला घेऊन परसात आला, त्या दिवशी तो रानात गेला नव्हता. त्याने बादलीत कोपर बुडवून बघितलं, थोडं गार पाणी घातलं, परत कोपर बुडवलं, परत घातलं. आम्ही दोघीही त्याला घाई करायला गेलो नाही. मग त्याने त्या बोडक्या डोक्यावर हळूच एक तांब्या ओतला.